बद्द

मारेद गेल्यावर तिची भट्टी विकली,
तिची निळी व्हॅन विकली,
विम्याचे आले ते त्यात घातले,
आणि चॅपलच्या दारातलं ते बिस्किटांचं डबडं,
गावानं नाण्यांनी भरलेलं.
एवढ्यातून झाला पुरस्कार.
गेथिन म्हणाला, नुसतं मारेद ठेवू,
आडनाव गावाला ठाऊक आहे.

दर वर्षी एक कलावंत, बारा आठवडे.
राहायला बंद पडलेल्या पोस्टाच्या वरची खोली,
काम दवाखान्यामागच्या हॉलमध्ये,
ज्यांचं काही ना काही निसटलंय त्यांच्यासोबत:
हात, झोप, नवरा, शब्द.
बक्षीस कशाबद्दल, असं लोक विचारतात.
मला अजून नीट सांगता येत नाही.

वॉर्डात, शेवटी शेवटी,
मारेदनं मातीचा एक गोळा मागितला होता.
नर्स म्हणाली, इथे चालत नाही.
मी तिला पावाच्या आतला मऊ भाग दिला मळायला.
तिनं त्याची वाटी केली, नखाएवढी.
ती सुकली. मग तिला बुरशी आली.

पहिली दोन वर्षं, खरं सांगायचं तर,
आम्ही पाट्याच टाकल्या.
फोटो काढले, केक कापला, अहवाल धाडला.

वेल्सच्या उत्तरेला आमचं हे गावच पाटीच्या दगडाचं.
घरांवर पाटी, कुंपणाला पाटी, थडग्यांवर पाटी,
आणि मागे टाकाऊ पाटीचे डोंगराएवढे ढीग,
ज्यांच्यावर गवतसुद्धा विचार करून उगवतं.
एम्रिसनं त्या खाणीत एकतीस वर्षं दगड चिरला.
झटका आल्यापासून वर्षभर
त्याच्या तोंडून शब्द नव्हता.

तिसऱ्या वर्षी तेग्वेन आली, गमबूट घालून.
तिनं सगळ्यांना पाटीचे तुकडे वाटले, खिळे, खडू.
कुणी मेंढी कोरली, कुणी नातवाचं नाव.
एम्रिस काही करेना.
तुकडा कानाशी धरायचा,
बोटाच्या पेरानं टक् करायचा,
ठेवून द्यायचा, दुसरा उचलायचा.
आठ आठवडे.
मी तेग्वेनला म्हटलं, त्याला काही शिकवत का नाहीस?
म्हणाली, आधी मला शिकू दे.

नवव्या आठवड्यात, मंगळवारी,
किटली उकळत असताना,
त्यानं एक तुकडा वाजवला, बाजूला सारला
आणि म्हणाला,
"बद्द."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
त्याच्या बायकोनं, नेस्टानं, किटली बंद केली,
पुढचं ऐकू यावं म्हणून.
दुसरा तुकडा. "बद्द."
तिसऱ्याला काही बोलला नाही,
तेग्वेनच्या हातात दिला.

अहवालात एक चौकट असते: काय साध्य झालं?
तेग्वेननं लिहिलं,
एकशे चौदा तुकडे तपासले, सव्वीस नापास.
आमचे हिशेबनीस ते खोडून
'संवादकौशल्यात लक्षणीय सुधारणा' लिहायला निघाले.
मी त्यांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

शेवटच्या दिवशी एम्रिस हॉलच्या दाराशी थांबला.
तिथे दोन कड्यांवर टांगलेली, मारेदच्या नावाची पाटी.
त्यानं कान जवळ नेला. टक्.
दुसऱ्या कोपऱ्याला, टक्.
मग माझ्याकडे बघत राहिला.
आता शब्द होता, तरी बोलेना.
"बोल," मी म्हटलं.

आत कुठेतरी चीर आहे म्हणे.
एखाद्या कडाक्याच्या थंडीत उकलेल,
यंदा, किंवा मी गेल्यावर.
गेथिनला कोरणाऱ्याकडून पैसे परत हवेत.
ही पाटी काढायची नाही,
असं मी सभेच्या वहीत लिहवून घेतलंय.

टेबलावर नवे अर्ज आलेत, त्रेचाळीस.
एक जण जाळी विणतो.
एक जण नुसती शीळ घालतो,
आणि प्रामाणिकपणे कळवतो
की बारा आठवडे पुरतील असं वाटत नाही.

हॉलमध्ये जाता-येता मी पाटीवर टक् करते.
मला अजून फरक कळत नाही.